उशिरा पूर्ण झालेला स्वेटर: हाताने विणलेल्या भेटींची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग ऐकताना तुमच्या हातात काही काम असेल तर फारच छान. भाजी निवडत असाल, भांडी घासत असाल, चालेल. आजचा विषयच हातांचा आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात माझ्या फजितीपासून करते.

माझ्या वहिनीला सातवा महिना लागला तेव्हा मी घरात जाहीर केलं की बाळासाठी स्वेटर मी विणणार. विकतचा नाही, माझ्या हातचा. तोवर मी आयुष्यात फक्त एक मफलर विणला होता, तोही एका टोकाला रुंद नि दुसऱ्या टोकाला अरुंद. पण उत्साह दांडगा. पिवळी लोकर आणली, सुया आणल्या, यूट्यूबवर बघून टाके घातले. माप सहा महिन्यांच्या बाळाचं. ऑगस्टमध्ये भाचा झाला. स्वेटर पूर्ण झाला पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे साहेब चौदा महिन्यांचे होते. स्वेटर त्याच्या डोक्यातून खाली येईना. तो भोकाड पसरून रडतोय, पिवळा गळा त्याच्या कपाळावर अडकलाय, आणि दादा व्हिडिओ काढतोय. घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ गेला. खूप हसलो सगळे, मीसुद्धा. मग खाली एका नातेवाइकांचा मेसेज आला: "अगं, चारशे रुपयांत ऑनलाइन मिळतो की. कशाला एवढा वेळ घालवलास?"

ते मात्र लागलं. रात्री मी हिशेब करत बसले. माझ्या विणीत दहा सेंटीमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी बसतात. स्वेटरचा घेर ५० सेंटीमीटर, लांबी २५. म्हणजे ११० टाके गुणिले ७० ओळी, झाले ७,७००. दोन बाह्यांचे मिळून ३,६०० धरा. एकूण ११ हजारांच्या वर टाके. प्रत्येक टाक्यात सुई आत घाल, लोकर गुंडाळ, ओढून घे, सोड. हेच ११ हजार वेळा. आणि हे सगळं अशा कपड्यासाठी जो कुणी एकदाही घातला नाही.

मग वेळ वाया गेला का? हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी माझं नेहमीचं काम केलं. इतिहासात डोकं घातलं. माणसं हाताने विणून एकमेकांना का देत आली, हे बघायला लागले.

आधी शब्दाचा घोळ

मराठीत आपण सगळंच विणतो. कापड विणतो, खाट विणतो, चटई विणतो, स्वेटर विणतो. कोळीसुद्धा जाळं विणतो. पण मागावरचं विणणं आणि सुयांवरचं विणणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मागावर उभे आणि आडवे असे धाग्यांचे दोन संच लागतात, एकमेकांच्या खालून-वरून जाणारे. सुयांच्या विणकामात एकच धागा लागतो. त्याचा एक फास करायचा, त्या फासातून पुढचा फास ओढायचा, त्यातून पुढचा. बस्स, एवढंच. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधाराने उभा असतो. म्हणूनच ते कापड ताणलं जातं, अंगाबरोबर हलतं, आणि म्हणूनच एक टोक ओढलं की सगळं उसवतं. हे उसवणं लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

इजिप्तमधला छोटा मोजा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एका लहान मुलाचा मोजा आहे. डाव्या पायाचा. इजिप्तमध्ये अँटिनोपोलिस नावाच्या जुन्या शहराच्या जागी तो सापडला. वय साधारण १,७०० वर्षं. रंगीत पट्ट्यापट्ट्यांचा, लोकरीचा. अंगठ्याला वेगळा कप्पा आणि बाकीच्या चार बोटांना वेगळा, कारण तो चपलेत घालायचा होता. म्हणजे मोज्यावर चप्पल घालणारे आपण काही पहिले नाही!

हा मोजा आजच्यासारखा दोन सुयांवर केलेला नाही. एकाच सुईने फास गुंफण्याची त्याहून जुनी पद्धत आहे ती, पण दिसतो मात्र आपल्या विणकामाच्या सख्ख्या भावंडासारखा. २०१८ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या प्रकाशात त्याचे फोटो काढून रंग तपासले. हाती काय लागलं? रंग वापरले होते फक्त तीन. लाल, निळा आणि पिवळा, तिन्ही वनस्पतींपासून काढलेले. ते एकमेकांत मिसळून बाकीच्या छटा आणलेल्या.

मला इथे थांबावंसं वाटतं. पाय झाकायला एक रंग पुरला असता. बिनरंगाची लोकरही चालली असती. पण कुणीतरी एका पोरासाठी पट्टे केले. त्या वयाच्या मुलाचा पाय काही महिन्यांत वाढतो, हे त्या विणणाऱ्या हातांना ठाऊक असणारच. तरी पट्टे केले. ते हात आईचे होते की पैसे घेऊन काम करणाऱ्या कारागिराचे, हे मोज्यावर लिहिलेलं नाही. पण पट्टे करताना मजा आली नसेल, हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

दोन सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे सगळ्यात जुने नमुनेही इजिप्तमध्येच मिळाले, इसवी सनाच्या अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या आसपासचे. आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे लोकरीचे नाहीतच, सुताचे आहेत. निळ्या-पांढऱ्या नक्षीचे सुती मोजे. नक्षी इतकी सफाईदार की ती पहिल्या प्रयत्नातली नाही हे उघड आहे. त्यामागे शिकत, चुकत, उसवत गेलेल्या पिढ्या असणार.

चार सुया घेतलेली आई

तिथून ही कला युरोपात गेली. साधारण १४०० सालच्या आसपास जर्मनीत मास्टर बर्ट्राम नावाच्या चित्रकाराच्या हातून, किंवा त्याच्या चित्रशाळेतून, एका चर्चसाठी चित्रं तयार झाली. आज ती हॅम्बुर्गच्या संग्रहालयात आहेत. त्यातल्या एका चित्रात मेरी बसलीये आणि चार सुयांवर लहानसा सदरा विणतेय. अगदी गळ्यापर्यंत आलाय. शेजारी बाळ येशू खेळतोय. धार्मिक चित्र आहे, त्यात पुढच्या दुःखाच्या खुणाही आहेत. पण मला त्यात दिसते ती विणता विणता मुलाकडे एक डोळा ठेवणारी आई. चित्रकाराने देवाच्या आईला पूर्ण झालेला सदरा हातात धरून उभी केलेली नाही. सुया चालू असतानाच रंगवलंय.

पण फार हळवं व्हायला नको. कारण त्यानंतरच्या दोनशे-तीनशे वर्षांत विणकाम हा छंद नव्हता, पोटापाण्याचा धंदा होता. सोळाव्या शतकापासून युरोपातल्या मोठ्या शहरांत विणकाम करणाऱ्यांचे संघ होते आणि त्यात पुरुष असायचे. काही शहरांत तर वर्षानुवर्षं उमेदवारी केल्यावर उस्ताद म्हणवून घ्यायला परीक्षा द्यावी लागायची: टोपी विणा, मोजे विणा, सदरा विणा, आणि फुलापानांचा अख्खा गालिचा विणा. "विणकाम बायकांचं काम" असं म्हणणाऱ्या मित्राला हा भाग जरूर पाठवा.

यंत्र येतं तेव्हा

१५८९ साल. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन गावी विल्यम ली या माणसाने मोजे विणायचं यंत्र बनवलं. त्याची एक दंतकथा आहे. म्हणे त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती मुलगी सतत विणत बसायची, याच्याकडे बघायचीच नाही. म्हणून चिडून याने विणकामच संपवायचं ठरवलं! खरं-खोटं सोडा, पण आजच्या भाषेत सांगायचं तर "समोरच्याने फोनमधून मान वर काढावी" म्हणून कुणीतरी यंत्र शोधावं तसं झालं.

यंत्राची युक्ती सोपी नि जबरदस्त होती. हाताने आपण एका वेळी एक टाका घेतो. लीच्या यंत्रात प्रत्येक टाक्याला वेगळी आकडेवाली सुई. अख्खी ओळ एका दमात. त्याने राणी एलिझाबेथकडे पेटंट मागितलं, ते मिळालं नाही. हाताने मोजे विणून पोट भरणाऱ्या गोरगरिबांचं काय होईल, अशी राणीला काळजी वाटली असं सांगतात. ली फ्रान्सला गेला, तिथेही नशीब फळफळलं नाही, आणि तिकडेच गेला बिचारा. यंत्र मात्र राहिलं.

पुढे सव्वादोनशे वर्षांनी, १८११ मध्ये, त्याच नॉटिंगहॅम परिसरात कामगारांनी मोजे विणायची यंत्रं फोडायला सुरुवात केली. हेच ते लडाइट. ही माणसं यंत्राला घाबरणारी अडाणी माणसं नव्हती बरं का. ती स्वतःच यंत्रावर काम करणारी होती. मजुरी पाडली जात होती, स्वस्तात भिकार माल काढला जात होता, त्याविरुद्ध ती होती. १८१२ मध्ये सरकारने यंत्र फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठेवणारा कायदा केला. त्याविरुद्ध हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कवी बायरन बोलला. ते त्याचं तिथलं पहिलंच भाषण.

हे सगळं मी का सांगतेय? कारण "चारशे रुपयांत मिळतो की" हे वाक्य आजचं नाही. ते चारशे वर्षं जुनं आहे. यंत्र आल्या दिवसापासून हाताने विणणाऱ्याला हा प्रश्न विचारला जातोय. आणि दुसरंही एक. ज्याला रोज रात्री दिव्याच्या उजेडात ठरावीक मोजे पुरे केल्याशिवाय भाकरी मिळत नव्हती, त्याला "विणण्यातला आनंद" वगैरे सांगायला गेलो असतो तर त्याने आपल्याला सुई टोचली असती. मला विणताना आनंद मिळतो, कारण मला विणायची सक्ती नाही. हे विसरून चालणार नाही.

लढाया आणि लोकर

मग यंत्र आल्यावर हाताचं विणकाम संपलं का? नाही. त्याचं काम बदललं. ते धंद्यातून भेटीकडे सरकलं. आणि यात लढायांचा वाटा मोठा आहे.

एक मजेदार योगायोग बघा. २५ ऑक्टोबर १८५४, क्रिमियाच्या युद्धातली बालाक्लाव्हाची लढाई. घोडदळाची ती प्रसिद्ध, वेडी चढाई केली लॉर्ड कार्डिगनने. त्याच्या नावावरून पुढे बटणांचा स्वेटर, कार्डिगन. इंग्रज सैन्याचा सेनापती लॉर्ड रॅग्लन. त्याच्या नावावरून रॅग्लन बाही, गळ्यापासून तिरकी काखेपर्यंत येते ती. आणि गावाचं नाव चिकटलं लोकरीच्या टोपीला. बालाक्लाव्हा, म्हणजे आपली माकडटोपी! एका लढाईने कपाटाचा अख्खा कप्पा भरलाय.

पहिल्या महायुद्धात गोष्ट जास्त गंभीर होती. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या खंदकांत पाणी साचलेलं. दिवसच्या दिवस ओल्या बुटांत पाय राहिले की ते बधिर व्हायचे, सुजायचे, सडायचे. कधी कापावे लागायचे. त्यावरचा एक साधा उपाय म्हणजे कोरडे मोजे. पुन्हा पुन्हा बदलायला, भरपूर मोजे. त्यासाठी इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात बायका, म्हातारी माणसं, शाळेतली मुलं-मुली सगळे विणायला बसले. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानी फौजा मार्सेय बंदरात उतरल्या त्या पातळ गणवेशांत. समोर युरोपचा हिवाळा. त्यांच्यासाठीही गरम कपडे गोळा करायला निधी उभा राहिला. मोज्याचं टोक टोचू नये म्हणून शिवण न येता टाके जोडायची एक रीत आहे, तिला आजही किचनरचं नाव आहे. तोच लॉर्ड किचनर, जो १९०२ ते १९०९ हिंदुस्थानात सरसेनापती होता.

आणि दुसरं महायुद्ध. अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाने २४ नोव्हेंबर १९४१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर काय छापलं? विणताना एक मुलगी, आणि विषय "विणावं कसं". पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबरला. म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या दोन आठवडे आधीच घराघरांत सुया चालू होत्या.

आता खोचक प्रश्न विचारूया. सैनिकाला मोजे देणं सरकारचं काम ना? गिरण्या, यंत्रं होती ना? होती. मग घरी का विणायचं? एक तर खरोखरच तुटवडा असायचा. पण दुसरं कारण मला आजीकडून कळलं.

१९६२, आणि आजीची लांब बाही

आपल्याकडे सुयांचं विणकाम तसं उशिरा रुळलं. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत शिवण-टिपणाबरोबर ते शिकवलं जायचं. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झालं. तिथेही हातांना काम आणि त्यातून चार पैसे ही कल्पना होती. १८७६ मध्ये कानपूरला लोकरीची गिरणी निघाली, तिची 'लाल इमली' ही खूण घराघरांत पोचली. हळूहळू मराठी घरांत लोकरीची टोपडी, मोजे, बिनबाह्यांचे स्वेटर आले. कुणी बाळंतीण झाली की शेजारपाजारच्या बायकांच्या सुया सुरू.

माझी आजी वाईची. १९६२ साली सोळा वर्षांची, शाळेत. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, तेरा हजार फुटांहून उंच खिंडींत आपले जवान पातळ गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत लढत होते. ही बातमी पसरली तशा देशभर बायका विणायला बसल्या. कुणी सोनं दिलं, कुणी रक्त दिलं, ज्यांच्याकडे सुया होत्या त्यांनी स्वेटर दिले.

आजीच्या शाळेत लोकर आली. रंग शेवाळी. काम वाटून दिलेलं: कुणाकडे पाठ, कुणाकडे पुढचा भाग, कुणाकडे बाही. जोडायचं काम बाईंचं. आजीकडे बाही आली.

"मला बाहीच का दिली म्हणून मी रुसले होते," आजी सांगते. "पाठ मोठी असते ना, मला पाठ हवी होती. मग बसले विणत. रात्री कंदिलाशी, शाळेत मधल्या सुट्टीत. दोन सुलट, दोन उलट. इतकी रमले की मोजायचंच विसरले. बाही झाली चांगली चार बोटं लांब. बाई म्हणाल्या, उसवू नको आता, वेळ नाही. दुमडून घालेल तो."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. आमचं गाठोडं जायच्या आत लढाई थांबली."

खरंय ते. २१ नोव्हेंबरला चीनने युद्धबंदी केली. बरोबर त्याच दिवशी आपल्या कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण यांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी झालं. आणि त्याच सह्याद्रीच्या पायथ्याशी एका शाळेत शेवाळी स्वेटरांचं गाठोडं तयार होत होतं, उशिरा.

मी म्हटलं, "म्हणजे तुझाही उशीरच झाला की, आजी!"

आजीने माझ्याकडे असं बघितलं की मी अजून शाळेत आहे. "अगं, लढाई थांबली. थंडी थांबते का? पोरं तिथेच होती ना डोंगरात."

मग ती एक गोष्ट बोलली, जी तिने आधी कधी सांगितली नव्हती. त्यानंतर कितीतरी वर्षं वर्तमानपत्रात जवानांचा फोटो आला की ती त्यांच्या बाह्या बघायची. दुमडलेली बाही कुठे दिसतेय का. दिसली कधीच नाही. पण ती बघत राहिली.

मला वाटतं, घरी विणण्याचं ते दुसरं कारण हे होतं. गिरणीतून आलेला स्वेटर जवानाला ऊब देतो. पण गिरणी नंतर कुणाची बाही शोधत बसत नाही. सोळा वर्षांच्या आजीने त्या पंधरा-वीस दिवसांत एका अनोळखी माणसाचा हात किती लांब असेल, मनगट कसं असेल, थंडीत तो बोटं आत ओढून घेईल का, याचा विचार केला. बाही कुठे गेली कुणास ठाऊक. तो विचार मात्र आजीजवळ राहिला. साठ वर्षं.

चुकलेल्या टाक्यांची बाई

अजून एका बाईची ओळख करून देते. एलिझाबेथ झिमरमन. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये जन्म, १९३७ मध्ये नवऱ्याबरोबर अमेरिकेत. त्या काळी विणकामाच्या पुस्तकांत हुकूम असायचे: पहिली ओळ अशी, दुसरी ओळ तशी, इतके टाके कमी करा. का, ते विचारायचं नाही. झिमरमनबाईंनी एक स्वेटर गोल विणून एका मासिकाला पाठवला, तर त्यांनी छापताना तो सपाट तुकड्यांत विणायच्या सूचना केल्या. बाई वैतागल्या आणि १९५८ पासून स्वतःचं पत्रक काढायला लागल्या. १९७१ च्या त्यांच्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच "न रडता विणकाम" असा आहे.

त्यांची पद्धत भन्नाट सोपी. छातीच्या घेराचे जितके टाके, ते शंभर टक्के धरा. मनगटाला त्याच्या वीस टक्के, दंडाला साधारण एक तृतीयांश, गळ्याला चाळीस. म्हणजे एक आकडा कळला की कुठल्याही अंगाचा स्वेटर तुम्ही स्वतः आखू शकता. यातली गोम लक्षात आली का? हुकमाप्रमाणे विणताना आपण शेवटाची वाट बघतो. स्वतः आखून विणताना प्रत्येक सुईला काहीतरी ठरवायचं असतं. चूक झाली तरी ती आपली चूक असते, दुरुस्तही आपल्यालाच करता येते.

मी माझा पिवळा स्वेटर आठवला. खरं सांगू? पहिले चार महिने मी नुसती व्हिडिओ थांबवून थांबवून नक्कल करत होते आणि कंटाळले होते. म्हणूनच तो कपाटात पडून राहिला. मजा यायला लागली ती बाह्यांपासून. तोवर हाताला कळायला लागलं होतं. टाका निसटला तर पोटात गोळा येईनासा झाला, खाली जाऊन त्याला उचलून वर आणायला जमायला लागलं. ऑफिसचा फोन चालू असताना टेबलाखाली हात चालू. भाच्याचे नवे फोटो बघत बघत दोन सुलट, दोन उलट. त्या चौदा महिन्यांत तो पालथा पडला, रांगायला लागला, त्याला दोन दात आले. या सगळ्या बातम्या मला आल्या तेव्हा माझ्या हातात त्याचाच स्वेटर होता. तो त्याच्या अंगात गेला नाही हे खरं. पण मी तेवढा वेळ त्याच्याजवळ होते, हेही खरंच.

उसवणं

दिवाळीत मी स्वेटर घेऊन आजीकडे गेले. म्हटलं, कुणाला तरी देऊन टाकू. आजीने तो उलटापालटा केला, बगलेतला गचाळ जोड बघून नाक मुरडलं आणि म्हणाली, "वीण बरी आहे गं. लोकर चांगली आहे. उसव."

"अख्खा?"

"मग काय अर्धा?"

आता इथे एक सांगायला हवं. आजी गेली पाच वर्षं विणत नाही. बोटांचे सांधे आखडलेत, सुई धरली की कळ येते. तिच्या सुया लाकडी डब्यात पडून आहेत. तो विषय घरात कुणी काढत नाही, तीही काढत नाही.

मी शेवटचा टाका सोडवला आणि ओढलं. सर्रकन एकेक ओळ सुटत गेली. चौदा महिने लागले होते विणायला, उसवायला पाऊण तास लागला. लोकर सगळी कुरळी, नूडल्ससारखी. आजीने दोन्ही हात पुढे केले, तळवे समोरासमोर. मला आधी कळेचना.

"गुंडाळ की माझ्या हातांवर. लडी करायची. मग ओली करून वाळत घालायची, खाली वजन बांधून. सरळ होते."

दुखऱ्या बोटांना त्यात काही करावं लागत नाही. हात फक्त उभे धरायचे आणि लोकर येईल तसे किंचित डावी-उजवीकडे झुकवायचे. ते तिला जमत होतं. आम्ही तासभर तशा बसलो. ती बाईंबद्दल बोलली, कंदिलाबद्दल बोलली, मधेच मला लोकर फार ताणतेस म्हणून रागावली. भाचा येऊन लडीखालून दोनदा रांगत गेला.

आता तीच पिवळी लोकर पुन्हा सुयांवर आहे, जोडीला दोन गुंडे निळे आणलेत. माप तीन वर्षांच्या मुलाचं. यावेळी मी मुद्दाम पुढचं माप घेतलंय, आणि बाह्या चार बोटं लांब ठेवणार आहे. दुमडून घालेल तो. काल रात्रीपर्यंत ४२ ओळी झाल्या. आजीला रोज फोटो पाठवते, ती झूम करून चुका काढते. परवा तिने विसाव्या ओळीतली चूक पकडली. मी उसवलं आणि पुन्हा विणलं. त्या नातेवाइकांना अजून उत्तर दिलेलं नाही. देईन, किंवा हा भागच पाठवेन.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. एक काम मात्र करा. तुमच्या घरात आजी, मावशी, काकू, एखादे आजोबा, कुणीतरी कधीतरी विणलं असेल. त्यांना विचारा की कुणासाठी विणलं होतं आणि ते पोचलं का. उत्तर ऐकताना फोन बाजूला ठेवा. आणि जमलं तर लडीसाठी हात पुढे करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर, काळजी घ्या.